फोन नवा धडा का घेत नाही?



असे समजा, की तुम्ही नेकनूरला राहता. नेकनूर म्हणजे बीड तालुक्यातील, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे गाव. खरिपाचे दिवस आहेत. शेतात सोयाबीन आणि कापूस उभा आहे आणि वडिलांना ई-पीक पाहणी करायची आहे. शेतात कोणते पीक उभे आहे याची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून सातबाऱ्यावर करावी, अशी ही पद्धत महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. नोंद राहून गेली, तर पुढे नुकसानभरपाई मागताना अडचण येऊ शकते. आणि नेमक्या अशा वेळी घरातला एकुलता एक फोन म्हणतो, “आधी नवी आवृत्ती घ्या.” तुम्ही कळ दाबता. चक्र फिरत राहते आणि शेवटी पडद्यावर अक्षरे उमटतात, ‘अपडेट झाले नाही.’

अशा वेळी घरात काय होते? कोणी फोन बंद करून पुन्हा लावतो, कोणी तो तळहातावर आपटतो, कोणी म्हणते, “फोन जुना झाला, नवा घ्या.” पण विज्ञानाचा विद्यार्थी काय करील? तो आधी विचारील, की अपडेट म्हणजे नेमके काय आणि ते होताना फोनच्या पोटात कोणकोणत्या पायऱ्या पार पडतात? पायऱ्या माहीत झाल्या, की गाडी कोणत्या पायरीवर अडली हे शोधता येते. चला तर, आपणही याच वाटेने जाऊ.

अपडेट म्हणजे शुद्धिपत्र

फोनमध्ये दोन गोष्टी असतात. एक, हाताला लागणारे यंत्र: पडदा, बॅटरी, इवलेसे प्रक्रियक आणि स्मृती. दुसरी, या यंत्राने काय करायचे ते सांगणारी आज्ञावली. आज्ञावली लाखो ओळींची असते आणि ती माणसांनी लिहिलेली असते, म्हणून तिच्यात चुका राहतात. शिवाय जग बदलते, तशी तिच्यात भरही घालावी लागते.

एक उदाहरण पाहा. आपल्या रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी ते तयार केले होते. पण त्या दिवशी लोकांच्या हातांत असलेल्या फोनांना आणि संगणकांना हे चिन्ह ठाऊकच नव्हते. त्यांना ते शिकवावे लागले. दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. भारतात ५-जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ॲपलच्या अनेक फोनांत ५-जीचे भाग आधीपासून होते, तरी ते फोन ५-जीवर चालत नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये नवी आज्ञावली आली आणि तेच फोन, एकही भाग न बदलता, ५-जीवर बोलू लागले.

आता हे अपडेट येते कसे? पुस्तक छापून झाल्यावर चुका सापडल्या, तर प्रकाशक अख्खे पुस्तक पुन्हा छापत नाही. तो एक शुद्धिपत्र जोडतो: ‘पान ४२, ओळ ७, अमुक शब्दाऐवजी तमुक वाचावा.’ पुष्कळशी अपडेट याच जातीची असतात. जुन्या आणि नव्या आज्ञावलीत जेवढा फरक, तेवढाच पाठवायचा. त्यामुळे पाठवायचा मजकूर पुष्कळ कमी होतो.

पण यातच एक मेख आहे. शुद्धिपत्र पहिल्या आवृत्तीचे आणि तुमच्या हाती पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचे असेल तर? पान ४२ वर तो शब्दच सापडणार नाही. फोनचेही तसेच आहे. कोणी हौसेने फोनची मूळ प्रणाली बदलली असेल, तर तिच्यासाठी आलेले शुद्धिपत्र बसत नाही आणि फोन ते नाकारतो. हे नाकारणे योग्यच आहे.

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवा. ई-पीक पाहणीसारख्या एखाद्या ॲपचे अपडेट वेगळे आणि संपूर्ण फोनच्या प्रणालीचे अपडेट वेगळे. पहिले म्हणजे घरातली एक खुर्ची बदलणे, दुसरे म्हणजे घराचा पायाच दुरुस्त करणे. कधी कधी नवी खुर्ची जुन्या जमिनीवर बसत नाही. अशा वेळी ॲपचे अपडेट अडते, पण खरे कारण जुन्या प्रणालीत असते.

पहिली पायरी: गाठोडे फोनपर्यंत पोचणे

अपडेटचे गाठोडे दूरच्या संगणकावरून तुकड्यातुकड्यांनी येते. बालाघाटच्या डोंगररांगांत एखाद्या खोलगट शिवारात सिग्नलची एकच काडी दिसत असेल, तर तुकडे गळतात आणि पुन्हा पुन्हा मागवावे लागतात.

पण सिग्नल चांगला असूनही गाडी अडू शकते. जरा गणित करू. समजा, अपडेट २ जीबीचे आहे आणि तुमच्या पॅकमध्ये दररोज १.५ जीबी डेटा मिळतो. हा डेटा संपला, की अनेक पॅकमध्ये वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. मग उरलेला अर्धा जीबी, म्हणजे ५०० मेगाबाइट, उतरवायला किती वेळ लागेल?

१ बाइट म्हणजे ८ बिट. म्हणून ५०० मेगाबाइट म्हणजे ४,००० मेगाबिट, म्हणजेच ४०,००,००० किलोबिट. त्याला ६४ ने भागा. उत्तर येते ६२,५०० सेकंद, म्हणजे १७ तासांहून जास्त! चक्र फिरत राहते ते का, हे आता कळले ना? फोन बिघडलेला नाही. त्याच्या नळाला धारच उरलेली नाही. उपाय सोपा आहे. दुसऱ्या दिवशी नवा डेटा मिळाल्यावर उरलेला भाग उतरवावा किंवा जेथे वाय-फाय आहे तेथे फोन न्यावा. बहुतेक वेळा फोन जेथे थांबला तेथूनच पुढे सुरू करतो.

दुसरी पायरी: गाठोडे खरे आहे का?

गाठोडे पोचले, तरी फोन ते लगेच उघडत नाही. तो दोन गोष्टी तपासतो. वाटेत काही सांडले तर नाही ना? आणि हे ज्याने पाठवले असे म्हणतात, त्यानेच पाठवले आहे ना?

पहिल्या तपासणीची युक्ती तुमच्या आजोबांना ठाऊक असेल. पूर्वी शाळेत मोठा गुणाकार केला, की नवशेष काढून ताळा पाहत. अंकांची बेरीज करत जायची आणि एकच अंक उरेपर्यंत थांबायचे नाही. आपण हीच युक्ती निरोपाला लावू. निरोप आहे ४, ७, १, ९, ३, ८. बेरीज ३२, म्हणून नवशेष ५. निरोपाबरोबर हा ५ ही पाठवायचा. वाटेत ७ चा १ झाला, तर बेरीज २६ होते आणि नवशेष ८ येतो. ५ आणि ८ जुळत नाहीत. चोरी पकडली!

पण ही युक्ती भोळी आहे. ७ आणि १ यांची नुसती अदलाबदल झाली, तर बेरीज तीच राहते. ९ च्या जागी ० आले, तरी नवशेष बदलत नाही. म्हणून फोन फार कडक रीत वापरतात. तिचे नाव एसएचए-२५६. या रीतीने कितीही मोठ्या गाठोड्याचा २५६ बिटांचा एक ठसा निघतो. गाठोड्यात एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. असे ठसे किती असू शकतात? २ चा २५६ वा घात, म्हणजे ७८ अंकी संख्या! त्यामुळे दोन वेगळ्या गाठोड्यांचा ठसा योगायोगाने एकच निघेल, ही भीती व्यवहारात उरत नाही. ठसा जुळला नाही, तर फोन म्हणतो, ‘फाइल सदोष आहे.’ अशा वेळी अर्धवट उतरलेली फाइल काढून टाकून ती पुन्हा उतरवावी. दहापैकी एखादा तुकडा खराब आला असेल, तर फोनशी भांडण्यात अर्थ नाही.

दुसरी तपासणी सहीची. डिजिटल सहीचा सातबारा तुम्ही पाहिला असेल. अपडेटवरही अशीच गणिती सही असते. सही करण्याची गुप्त किल्ली फक्त कंपनीकडे असते आणि सही तपासण्याची उघड किल्ली प्रत्येक फोनमध्ये असते. अशी दोन किल्ल्यांची एक प्रसिद्ध रीत रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तीन शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये शोधून काढली. उघड किल्लीवरून गुप्त किल्ली शोधणे इतके कठीण आहे, की खोटी सही करणाऱ्याची डाळ शिजत नाही.

घड्याळ चुकले तर?

येथे एक गमतीदार कारण सांगतो, जे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फोन ज्या दूरच्या संगणकाशी बोलतो, त्याच्याकडे ओळखपत्र असते आणि त्या ओळखपत्राला मुदत असते: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. एखादा जुना फोन कित्येक महिने पेटीत पडून होता. बॅटरी पार उतरली आणि घड्याळ थांबले. पुन्हा सुरू केल्यावर असा फोन १ जानेवारी १९७० ही तारीख दाखवू शकतो, कारण अनेक संगणकप्रणाल्या आपली कालगणना त्या क्षणापासून मोजतात. आता फोनच्या मते आज १९७० साल आहे आणि समोरच्याचे ओळखपत्र पन्नासहून अधिक वर्षांनंतरचे आहे! फोन म्हणतो, ‘हे ओळखपत्र अजून लागूच झालेले नाही,’ आणि बोलणे तोडतो. पडद्यावर मात्र ‘जोडणी झाली नाही’ एवढेच दिसते. तारीख आणि वेळ आपोआप घेण्याची सोय सुरू केली, की प्रश्न मिटतो. सिग्नलला दोष देण्याआधी घड्याळ पाहा.

तिसरी पायरी: जागा

सर्वांत जास्त अपडेट अडतात ती येथे. फोनमधील स्मृती दोन प्रकारची असते आणि मोठी माणसेसुद्धा यात गोंधळ करतात. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. त्यावर चालू काम मांडायचे. फोन बंद झाला, की ओटा रिकामा. साठवणूक, म्हणजे स्टोअरेज, ही कोठीची खोली. तेथे ठेवलेले धान्य फोन बंद केला तरी राहते. अपडेट ठेवायला कोठीत जागा लागते. पण ते उलगडून बसवायला आणखी जागा लागते. गव्हाचे पोते ठेवायला लागते त्याहून जास्त जागा ते निवडायला पसरताना लागत नाही का? म्हणून दीड जीबीच्या अपडेटला दीड जीबी मोकळी जागा पुरेलच असे नाही.

ही कोठी ‘फ्लॅश’ जातीच्या स्मृतीची असते. जपानमधील तोशिबा कंपनीतले शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांनी ती १९८० च्या दशकात शोधली. तिच्यात अतिसूक्ष्म कप्प्यांमध्ये इलेक्ट्रॉन कोंडून माहिती लिहितात. वीज गेली तरी हे इलेक्ट्रॉन आपल्या जागी राहतात. या स्मृतीचा एक स्वभाव मात्र विचित्र आहे. एक पाटी घ्या. तिच्यावर एकेक ओळ लिहिता येते, पण एकच ओळ पुसण्याची परवानगी नाही; पुसायची तर अख्खी पाटी पुसावी लागते. मग एक ओळ बदलायची झाली, तर बाकीच्या ओळी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवाव्या लागतात. फ्लॅश स्मृती अशीच वागते. तिला नेहमी काही कोऱ्या पाट्या हाताशी लागतात. कोठी गच्च भरली, की कोऱ्या पाट्या मिळत नाहीत आणि फोन रांगू लागतो.

मग जागा कशी करायची? एक फोटो ३ एमबीचा धरला, तर ५०० फोटो म्हणजे १,५०० एमबी, म्हणजेच दीड जीबी. व्हॉट्सॲपवर रोज येणारी सुप्रभातची चित्रे आणि लग्नाच्या वरातीचे व्हिडिओ काढून टाकले, तरी पुष्कळ जागा होते. मात्र अनेक फोनांत काढलेले फोटो लगेच नाहीसे होत नाहीत. ते काही दिवस कचरापेटीत राहतात आणि तेथेही जागा अडवतात. कचरापेटी रिकामी केल्याशिवाय कोठीत जागा होत नाही. आणि आजीचा जुना फोटो, शेताच्या कागदपत्रांचे फोटो हे काढण्याआधी दुसरीकडे उतरवून ठेवा. गेलेली गोष्ट परत मिळेलच असे नाही.

जागा नसल्याची अडचण किती थोरामोठ्यांना येते, ते पाहा. अमेरिकेच्या नासा संस्थेचे व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते २,४०० कोटी किलोमीटरच्या आसपास दूर असताना निरर्थक माहिती पाठवू लागले. शास्त्रज्ञांनी शोध घेतला. यानाच्या एका संगणकातील स्मृतीचा लहानसा भाग, सुमारे ३ टक्के, खराब झाला होता. तेथील आज्ञावली दुसरीकडे हलवायला हवी होती, पण ती सबंध मावेल अशी एकही जागा रिकामी नव्हती. मग त्यांनी तिचे तुकडे केले, ते जागा मिळेल तेथे ठेवले आणि एकमेकांना जोडून दिले. १८ एप्रिल २०२४ रोजी पहिला भाग पाठवला. संदेश पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायलाही तितकाच वेळ! २० एप्रिलला उत्तर आले, यान पुन्हा शुद्धीवर आले होते. तिकडे हात लावायला माणूस नव्हता, आपटायला तळहात नव्हता. होते ते फक्त शांतपणे केलेले निदान.

चौथी पायरी: बसवणे

आता गाठोडे आले, तपासले, जागाही झाली. तरी फोन म्हणतो, ‘आधी चार्जिंग करा.’ का बरे? घर दुरुस्त करताना जुनी भिंत पाडली आणि नवी उभी राहण्याआधी मजूर निघून गेले, तर घर उघडे पडते. जुनी आज्ञावली पुसून नवी लिहिण्याच्या मध्येच बॅटरी संपली, तर फोनची तीच गत व्हायची. तो ना जुना, ना नवा. अशा फोनला लोक ‘वीट झाला’ असे म्हणतात. कारण विटेइतकाच त्याचा उपयोग उरतो!

यावर तंत्रज्ञांनी काढलेला तोडगा आपल्या शेतकऱ्याला लगेच पटेल. नव्या विहिरीला पाणी लागेपर्यंत जुनी विहीर कोणी बुजवत नाही. २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून ही सोय उपलब्ध झाली. अशा फोनमध्ये प्रणालीसाठी दोन जागा असतात. तुम्ही एका जागेवरची प्रणाली वापरत असता, तोवर नवी प्रणाली दुसऱ्या जागी लिहिली जाते. फोन पुन्हा सुरू होताना नव्या जागेवरून सुरू होतो. ती नीट चालली नाही, तर तो आपला जुन्या जागेवर परत येतो. अशा वेळी तुम्हाला वाटते, ‘अपडेट झाले होते, मग पुन्हा जुनीच आवृत्ती कशी?’ खरे म्हणजे फोनने स्वतःला वाचवलेले असते.

तरीही वीज जाण्याचा संभव असेल, तर बॅटरी निम्म्याहून जास्त भरून घ्यावी. उन्हाळ्यात बीड भागात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हा पत्र्याच्या घरात, उशीखाली किंवा उन्हात फोन ठेवून अपडेट करू नये. फोन फार तापला, तर तो स्वतःला जपण्यासाठी चार्जिंग थांबवतो आणि कामही मंदावतो. सावली आणि वारा हे त्याचे औषध.

निदानाची शिस्त

डॉक्टर रुग्णाला आधी काय होते ते विचारतात, मग साधे औषध देतात. पहिल्याच दिवशी शस्त्रक्रिया करत नाहीत. फोनच्या बाबतीतही तीन नियम पाळा. पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा वहीत लिहा. एका वेळी एकच बदल करा आणि लगेच पाहा, फरक पडला का? आणि जे उपाय फुकट आहेत, उलटवता येतात, ते आधी करा. जे उलटवता येत नाहीत ते सर्वांत शेवटी. या नियमांनी क्रम असा लागतो:

१. संदेश वाचून लिहून घ्या. अडले ते ॲपचे अपडेट की प्रणालीचे, हे ठरवा.
२. तारीख आणि वेळ बरोबर आहे का, ते पाहा.
३. बॅटरी निम्म्याहून जास्त भरा.
४. दिवसाचा डेटा उरला आहे का, ते पाहा. जमल्यास वाय-फाय घ्या.
५. मोकळी जागा किती आहे ते पाहा. लागेल तेवढी करा, कचरापेटीसह.
६. फोन बंद करून पुन्हा सुरू करा. त्यामुळे ओटा स्वच्छ होतो.
७. अर्धवट उतरलेली फाइल काढून पुन्हा उतरवा. ॲपचे अपडेट अडले असेल, तर प्ले स्टोअरची तात्पुरती साठवण, म्हणजे ‘कॅशे’, साफ करा.
८. दोन-तीन दिवस थांबा. कंपन्या एखादे अपडेट सर्वांना एकदम न देता थोड्याथोड्या फोनांना देतात.
९. एवढ्याने झाले नाही, तर सर्व माहिती दुसरीकडे उतरवून अधिकृत सेवा केंद्रात जा. फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करणे हा शेवटचा उपाय आहे. त्यात फोनमधले सगळे जाते, म्हणून घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका.

आठव्या मुद्द्यातील थांबण्याचे महत्त्व जगाला १९ जुलै २०२४ रोजी कळले. क्राउडस्ट्राइक या कंपनीने संगणकांच्या सुरक्षेसाठी पाठवलेल्या एका अपडेटमध्ये चूक होती आणि ते एकाच वेळी सगळीकडे गेले. सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

म्हणून मग अपडेट घेऊच नये का? तसेही नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक धोकादायक फट बुजवणारे अपडेट दिले होते. ज्यांनी ते घेतले नाही, त्यांच्यावर १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची कीड त्याच फटीतून चालून आली. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना तिचा फटका बसला आणि इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांची कामे खोळंबली. औषध दोन महिने आधी तयार होते. ते घेतले गेले नव्हते, एवढेच.

एक धोक्याची सूचना

अपडेट अडले, की माणूस अगतिक होतो आणि अशा माणसाला फसवणे सोपे असते. व्हॉट्सॲपवर कोणी ‘येथून नवे ॲप घ्या’ म्हणून फाइल पाठवतो. आरटीओचे चलान, पीएम किसान अशी ओळखीची नावे देऊन पाठवलेल्या बनावट फायलींनी अनेकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. मघाशी पाहिलेली सहीची तपासणी आठवा. बाहेरून आलेली फाइल बसवायला तुम्ही स्वतः परवानगी देता, तेव्हा दारावरच्या पहारेकऱ्याला तुम्हीच सुट्टी देत असता. ॲप घ्यायचे ते अधिकृत ठिकाणाहूनच. आणि दुरुस्तीच्या नावाखाली कोणी ओटीपी किंवा पिन मागितला, तर तो दुरुस्ती करणारा नव्हे.

दोष नेहमी वापरणाऱ्याचा नसतो

सगळ्या पायऱ्या नीट पार पाडूनही अपडेट झाले नाही तर? तर एक शेवटचे कारण उरते. यंत्राची कुवतच संपलेली असते. प्रत्येक कंपनी आपल्या फोनला काही ठरावीक वर्षेच अपडेट देते. महागड्या फोनांपैकी काहींना आता सात वर्षांचे आश्वासन मिळते. स्वस्त फोनांना बहुधा त्याहून खूप कमी. आणि नवी ॲप तर दिवसेंदिवस मोठा ओटा मागतात.

आपल्या राज्यात याचे मोठे उदाहरण घडले. २०१९ मध्ये अंगणवाडी सेविकांना शासनाने स्मार्टफोन दिले. त्यांची रॅम होती २ जीबी. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले. बालकांची वजने, उंची, आहार अशी सगळी नोंद त्यावर करायची होती. पण हे काम त्या फोनांना पेलेना. ते तापत, मध्येच थांबत. दुरुस्तीचा खर्च अंगावर येई, अशीही सेविकांची तक्रार होती. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील हजारो सेविकांनी आपले फोन शासनाला परत केले. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ओटा लहान असेल, तर स्वयंपाकीण कितीही निष्णात असो, पन्नास पानांचा स्वयंपाक त्यावर होत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्यानेसुद्धा विचारले पाहिजे, की हे ज्याच्या हातात जाणार आहे, त्याचा फोन केवढा आहे?

म्हणून घरातले कोणी म्हणाले, “मला यातले काही कळत नाही, माझ्याच हातून बिघडले असेल,” तर त्यांना वरच्या पायऱ्या समजावून सांगा. आणि फोन खरोखरच थकला असेल, तर काम अडू देऊ नका. ई-पीक पाहणीत एकाच फोनवरून अनेक शेतकऱ्यांची नोंद करता येते. शेजारच्या काकांचा फोन शेतापर्यंत नेला, तर तुमच्या घरचीही नोंद होईल. हंगाम संपण्याच्या शेवटच्या दिवसाची वाट मात्र पाहू नका. त्या दिवशी सगळ्यांचीच गर्दी असते.

करून पाहा

१. वर्गात दहा विद्यार्थ्यांची रांग करा. पहिल्याने सहा अंकांचा निरोप आणि त्याचा नवशेष दुसऱ्याच्या कानात सांगावा. असे करत निरोप शेवटपर्यंत न्या. शेवटच्याने ताळा पाहून ‘निरोप खरा’ किंवा ‘पुन्हा पाठवा’ असे सांगावे. निरोप चुकूनही ताळा जुळला, असे कितीदा झाले?

२. नवशेषाला अंकांची अदलाबदल कळत नाही. ती पकडणारी रीत तुम्हाला शोधता येईल का? सूचना: पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने असे गुणून मग बेरीज करून पाहा.

३. सेकंदाला १० मेगाबिट वेग मिळत असेल, तर १.५ जीबीचे अपडेट किती वेळात उतरेल? (१ जीबी म्हणजे १,००० मेगाबाइट धरा.)

४. शिक्षकांच्या मदतीने वर्गाची एक ‘निदानवही’ करा. घरातील, शेजारच्या कोणाच्या फोनचे अपडेट अडले, की संदेश, केलेला बदल आणि परिणाम असे तीन रकाने भरा. वर्षअखेरीस मोजा, सर्वांत जास्त अडचणी कोणत्या पायरीवर आल्या? जागेवर, डेटावर, की घड्याळावर? तुमच्या गावाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. ते तुम्हालाच शोधावे लागेल.

(तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: १,२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे.)